गोल्फची वेज घेताना आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट बघा

नवीन वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घ्यायची असेल तर आधी आपल्या सेटमधल्या पिचिंग वेजचा, म्हणजे सर्वांत कमी तिरप्या वेजचा, लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) नेमका किती अंश आहे ते शोधा. कंपनीच्या वेबसाइटवर तो मिळतो. पूर्वी पिचिंग वेज साधारण 48 अंशांची असे. आजच्या लांब पल्ल्याच्या सेटमध्ये ती 43-44 अंशांवर आली आहे. वाळूतून चेंडू काढायची सँड वेज मात्र 54-56 वरच राहिली. म्हणजे मध्ये 10-13 अंशांचं भगदाड, आणि नेमकं 90-100 यार्डांवर हातात योग्य क्लबच नाही!

तिथून पुढे 4 ते 6 अंशांच्या टप्प्यांनी जा: 44 असेल तर 49, 54, 59. पण अंशांवर विसंबू नका. सरावाच्या रेंजवर प्रत्येक वेजने पूर्ण स्विंगचे दहाएक फटके मारा आणि चेंडू हवेतून किती जातो तेवढंच मोजा, घरंगळणं सोडून द्या. दोन वेजमध्ये 10-15 यार्डांचा फरक पडला की जमलं. बॅगेत 14 च क्लब चालतात, त्यामुळे चौथ्या वेजसाठी क्वचितच वापरात येणारी लांब आयर्न (लांब फटक्यांचा लोखंडी क्लब) खुशाल काढा.