ग्रामीण तालुक्याची माहिती कशी लिहावी : मुरबाडच्या उदाहरणाने

ठाणे जिल्हा म्हटला की महानगरपालिका आणि लोकलची गर्दी आठवते. परंतु याच जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूर हे भातशेतीवर जगणारे दोन तालुकेही आहेत. स्मरणिकेसाठी किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी अशा तालुक्याचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या लिहायची असेल, तर बहुतेक जण किल्ल्यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात हद्दीपासून आणि तारखेपासून करावी, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्यांवर अवलंबून असतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते, आता ७ आहेत. २०११ च्या जनगणनेतील १,१०,६०,१४८ ही लोकसंख्या अविभक्त जिल्ह्याची आहे. आजच्या सात तालुक्यांची त्याच वर्षीची बेरीज ८०,७०,०३२ भरते. मी स्वतः एका टिपणात जुनी लोकसंख्या नव्या जिल्ह्याच्या ४,२१४ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाने भागली होती. घनता २,६०० च्या वर गेली आणि ती कोणाला खटकलीही नाही. खरा भागाकार सुमारे १,९१५ येतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष आणि हद्द लिहावी.

जिल्ह्याची सरासरी तर तालुक्याला लावूच नये. २०११ मध्ये मुरबाडची लोकसंख्या १,९०,६५२ आणि शहापूरची ३,१४,१०३ होती; दोन्ही मिळून आजच्या जिल्ह्याच्या सव्वासहा टक्केच भरतात. उरलेला हिस्सा मुख्यतः शहरांचा असल्यामुळे जिल्ह्याच्या साक्षरतेवरून किंवा घनतेवरून मुरबाडमधील टोकावडे गावच्या शेतकऱ्याविषयी काहीच कळत नाही.

गावनिहाय आकड्यांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्यावी. तिच्या एका भागात गावांतील सोयी असतात आणि दुसऱ्या भागात लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामकरी यांचे आकडे असतात. येथे महसुली गाव (महसूल दप्तरात स्वतंत्र नोंद असलेले गाव), ग्रामपंचायत आणि पाडा (आदिवासी वस्ती) हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो, एका ग्रामपंचायतीत अनेक गावे असू शकतात, आणि ठाकूर किंवा कातकरी कुटुंबांचा पाडा गावापासून दूर असला तरी बहुधा गावाच्याच आकड्यात मिसळलेला असतो. यादीत नाव आहे म्हणून गाव आजही जागेवर असेलच असेही धरू नये. बारवी धरणाची उंची वाढल्यावर तोंडलीसारखी गावे पाण्याखाली गेली.

आकडा कोणत्या ऋतूतला आहे, हेही पाहावे. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. भात झोडून झाल्यावर, दिवाळीनंतर, कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गणतीच्या पूर्ण काळात माणूस जेथे राहत असेल तेथे त्याची नोंद होते. त्यामुळे एखाद्या गावाचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर लगेच ‘लोकसंख्या घटली’ असे लिहू नये. आधी पाड्यावर चौकशी करावी.

भूगोल लिहिताना दिशा आणि नद्यांची नावे मांडून थांबू नये. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याशी वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, त्याखाली बांध घातलेली भातखाचरे आणि काळू नदीचे खोरे, असा उतार धरून खाली यावे, म्हणजे पिके आपोआप जागेवर बसतात : वरकसावर नागली आणि वरी, खाचरात भात. राबाविषयी, म्हणजे भाताची रोपे तयार करण्यासाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीविषयी, दोन ओळी तरी लिहाव्यात. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि फांद्या यांचे थर देऊन वर माती पसरतात, ते भाजतात, आणि पावसाच्या सुरुवातीला त्याच राखेत भात पेरून पुढे लावणीसाठी रोपे काढतात. जंगलाशी शेतीचा संबंध काय, हे पर्जन्यमानाच्या तक्त्यापेक्षा येथे चांगले समजते. पिकांखालील क्षेत्र सातबाऱ्यावरील पीक पाहणीच्या नोंदींवरून आणि गावाची हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशावरून घ्यावी.

इतिहासासाठी १८८२ चे ठाणे गॅझेटिअर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतील तेरावा खंड, हा पहिला आधार. त्या वेळी मुरबाड तालुका होताच, पण पनवेल आणि कर्जतही ठाणे जिल्ह्यातच होते, हे वाचताना विसरू नये. गॅझेटिअरची नजर सारा गोळा करणाऱ्या सरकारची आहे. जमिनीची मोजणी तिच्यात विश्वासार्ह असते, लोकांच्या स्वभावाविषयीचे शेरे मात्र सोडून द्यावेत.

नाणेघाटाबद्दल लिहिताना हद्द पुन्हा आडवी येते. वाट मुरबाडच्या वैशाखरे गावाजवळून चढते, परंतु सातवाहनांची राणी नागनिका हिच्या ब्राह्मी शिलालेखाचे लेणे घाटमाथ्याजवळ, जुन्नरच्या बाजूला आहे. तालुक्याने मिरवायचे असेल तर वाट मिरवावी : कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच चढणीने देशावर जात असे. वरचा दगडी रांजण जकातीचा होता, ही गोष्ट ‘असे सांगतात’ म्हणूनच द्यावी. याउलट मुरबाडमधील सिद्धगडची घटना तारखेसह लिहावी. २ जानेवारी १९४३ रोजी तेथे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीबारात हौतात्म्य आले.

मुरबाडमधील म्हसा गावची पौषातील जत्रा लोकांना विचारूनच लिहावी. तेथे बैल कुठून येतात आणि घोंगड्या कोण विकतो, हे कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. कच्चा मजकूर झाला की तो पाड्यावर वाचून दाखवावा. त्यासाठी मेअखेरीस, भट्ट्या बंद झाल्यावर आणि राबात पेरणी सुरू होण्याआधी जावे. तेव्हा माणसे घरी असतात आणि त्यांना बोलायला वेळही असतो.