आपल्या गावातल्या फ्रीमेसन लॉजचा इतिहास कसा शोधावा आणि लिहावा

जुन्या लष्करी छावणीच्या किंवा रेल्वे जंक्शनच्या गावात, दारावर गुण्या (गवंड्याचा काटकोन) आणि कंपास कोरलेली, बहुतेक दिवस कुलूपबंद असलेली एखादी इमारत असते. ते फ्रीमेसनांचं लॉज. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची हत्यारं चिन्हं म्हणून वापरणारा, बंद दारामागे विधी करणारा एक बंधुसंघ, आणि लॉज म्हणजे त्याची स्थानिक शाखा. उत्तरेत अशा इमारतींना लोक सरळ 'जादूघर' म्हणायचे. आपल्याकडेही कवटीपासून काळ्या जादूपर्यंत काहीही ऐकायला मिळतं. इतिहास लिहायला बसायचं असेल तर हे सगळं आधी बाजूला ठेवा. फ्रीमेसनांचे विधी आणि खुणा १७३० पासून छापील स्वरूपात फिरताहेत, त्यात शोधण्यासारखं फार उरलेलं नाही. शोधायचं ते हे: त्या दारातून आत कोणाला घेतलं, कोणाला परत पाठवलं आणि जागेचे पैसे कोणी भरले. याची उत्तरं अगदी साध्या कागदांत मिळतात.

पाटी जशीच्या तशी उतरवून घ्या

लॉजचं पूर्ण नाव, क्रमांक आणि क्रमांकापुढची अक्षरं वहीत लिहा. मुंबईचं उदाहरण घेऊ: 'लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, नं. ३४२, एस.सी.' यातल्या एस.सी.चा अर्थ, या लॉजला स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजची, म्हणजे लॉजेसना मान्यता देणाऱ्या तिथल्या वरिष्ठ संस्थेची, सनद आहे. ई.सी. असेल तर इंग्लंडची, आय.सी. असेल तर आयर्लंडची. ही दोन अक्षरं चुकली की एडिनबर्गमधले कागद तुम्ही लंडनमध्ये शोधत बसाल.

आता हे लॉज स्कॉटिश का, असं विचारा आणि इतिहास सुरू होतो. माणेकजी कर्सेटजी या पारशी सुधारकांनी मुंबईत फ्रीमेसन व्हायचा प्रयत्न केला, तेव्हा इथल्या युरोपियनांनी त्यांना दाद दिली नाही. शेवटी त्यांना प्रवेश मिळाला तो थेट पॅरिसच्या लॉजमध्ये. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना सदस्य होता यावं म्हणूनच 'रायझिंग स्टार' काढलं. बर्न्स पश्चिम हिंदुस्थानात स्कॉटिश ग्रँड लॉजचे प्रमुख होते, म्हणून सनदही तिथलीच. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना लॉजमध्ये यायला १८७२ उजाडलं, तेही बराच झगडा करून. विश्वबंधुत्वाचा घोष करणाऱ्या संस्थेचा हा भाग स्मरणिकांमध्ये एका ओळीत उरकलेला असतो. तुम्ही तो उरकू नका.

पाटीवर एखाद्या परदेशी सनदेऐवजी ग्रँड लॉज ऑफ इंडियाचं नाव असेल तर गोंधळू नका. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ही भारतीय ग्रँड लॉज स्थापन झाली, रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले आणि इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश सनदेच्या कित्येक लॉजेस तिच्यात गेल्या. सक्ती मात्र नव्हती. त्यामुळे काही लॉजेस जुन्याच छत्राखाली राहिल्या आणि आजही एकाच इमारतीत वेगवेगळ्या सनदांच्या लॉजेस पाळीपाळीने भरतात. म्हणून इमारतीचा इतिहास आणि लॉजचा इतिहास यांच्या दोन वेगळ्या वह्या करा.

क्रमांकावरही डोळे मिटून विसंबू नये. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने बंद पडलेल्या लॉजेस वगळून १८३२ आणि १८६३ मध्ये क्रमांक नव्याने लावले. तेव्हा १८५० च्या बातमीतला आणि १८७० च्या बातमीतला क्रमांक वेगळा दिसला तरी लॉज एकच असू शकतं. जॉन लेन यांची इंग्लिश लॉजेसची सूची इंटरनेटवर फुकट बघता येते, त्यात लॉजचे बदलते क्रमांक आणि भरण्याच्या जागा दिलेल्या आहेत. आणखी एक खाचखळगा: सनदेवर किंवा कोनशिलेवर ५८४३ असं साल दिसलं तर दगड कोरणाऱ्याला बोल लावू नका. मेसन लोक इसवी सनात ४००० मिळवतात.

रचना समजून घ्या, पण तिच्यात अडकू नका

सदस्य तीन पायऱ्या चढतो: अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट आणि मास्टर मेसन. आत येण्यासाठी कोणीतरी नाव सुचवावं लागतं, दुसऱ्याने अनुमोदन द्यावं लागतं आणि मग गुप्त मतदान होतं. ईश्वरावर श्रद्धा हवी, धर्म कोणताही चालतो. म्हणूनच भारतीय लॉजमध्ये बायबलच्या शेजारी गीता, कुराण, अवेस्ता असे ग्रंथ ठेवलेले असतात. धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मात्र बंदी. लॉजचा मास्टर साधारण वर्षाला बदलतो. त्याच्या हाताखाली दोन वॉर्डन, शिवाय खजिनदार, सेक्रेटरी, डीकन आणि दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा टायलर.

हे पाठ करायचं कारण म्हणजे जुने ग्रुप फोटो. कोणाचं नाव खाली लिहिलेलं नसतं, पण गळ्यातल्या पट्ट्याला लटकणारं पदक बघा. गुण्या म्हणजे मास्टर, पाणसळ म्हणजे सीनियर वॉर्डन, ओळंबा म्हणजे ज्युनियर वॉर्डन. किल्ली खजिनदाराची, एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन पिसं सेक्रेटरीची, एकटी तलवार टायलरची. गवंड्याच्या पेटीतली हत्यारंच ती, फक्त चांदीची. पोटावरच्या एप्रनची किनार निळ्याऐवजी भलत्याच रंगाची असेल तर स्कॉटिश लॉजचा संशय घ्या, तिथे प्रत्येक लॉज आपापला रंग ठरवतं. फोटो मोठा करून पदकं टिपा, मग भिंतीवरच्या माजी मास्टरांच्या फलकाशी ताडून बघा.

हा फलक तुमचा सगळ्यात मोठा ठेवा. त्याचा फोटो काढून नावं सालवार उतरवा. आधी कॅप्टन आणि मेजर, मग पारशी आडनावं, मग बोहरी, गुजराती, मराठी, असा क्रम बदलत गेला असेल तर नेमका कोणत्या सालापासून, यावर खूण करा. मधली वर्षं कोरी असतील तर त्या काळात छावणीतली पलटण हलली होती का, हे तपासा. लष्करी गावातली कित्येक लॉजेस अशी पलटणीबरोबर उघडत आणि मिटत असत.

कागद कुठे मिळतील

लॉजला आधी पत्र लिहा, सेक्रेटरीच्या नावाने. इतिवृत्ताच्या जुन्या वह्या बाहेरच्या माणसाला दाखवतीलच असं नाही, पण वर्धापनदिनाच्या स्मरणिका सहसा देतात. जागेसाठी सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. लॉजचा विश्वस्त निधी नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता सापडते. इंग्लिश लॉजेसच्या सदस्यांची १७५१ ते १९२१ ची रजिस्टरं डिजिटल झाली आहेत. त्यांत वय, पत्ता, धंदा मिळतो, मात्र पैसे भरावे लागतात.

वर्तमानपत्रं सोडू नका. मुंबईच्या लॉजवर लिहिताना फक्त इंग्रजी अंक चाळणं हा आळस झाला, सदस्यांत पारशी इतके असताना गुजराती 'मुंबई समाचार' पाहिलाच पाहिजे. बातम्या शोधायच्या त्या कोनशिला, देणग्या आणि मेजवान्यांच्या. मेसन लोक सार्वजनिक इमारतींच्या कोनशिला वाजतगाजत बसवत, त्यामुळे बंद दारामागची ही मंडळी तिथे नावानिशी सापडतात.

लिहिताना

शहर घडवणाऱ्या प्रत्येक शेटजींना मेसन ठरवायचा मोह आवरा. रजिस्टर, फलक किंवा त्या काळची बातमी यांपैकी एक तरी पुरावा असेल तरच नाव लिहा. 'असं म्हणतात' एवढ्यावर भागवू नका. हयात सदस्यांची नावं त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. मसुदा सेक्रेटरीला दाखवा, तारखांच्या चुका तेच पकडतील. प्रवेश नाकारलेल्यांचा भाग वगळा म्हणाले, तर पुरावा पुढे ठेवा आणि भाग ठेवा.

बैठकीनंतर जेवण असतं, आणि एखाद्या समारंभाला बाहेरच्यांनाही बोलावतात. आमंत्रण आलं तर जरूर जा आणि सगळ्यात वयस्कर सदस्याच्या शेजारची खुर्ची पकडा. वही खिशात राहू द्या, घरी आल्यावर लिहा.