मधलं पद फोडताना अंदाज नको, जोड्या लिहा

वर्ग त्रिपदीचे, म्हणजे क्ष², क्ष आणि नुसता आकडा अशा तीन पदांच्या राशीचे, अवयव आठवीला येतात आणि दहावीला वर्गसमीकरणात तेच परत समोर येतात, म्हणून हे एकदा हातात बसवूनच घ्या. क्ष² + ७क्ष + १२ सगळ्यांना जमतं, गुणाकार १२ बेरीज ७, म्हणजे ३ आणि ४, झालं, (क्ष + ३)(क्ष + ४). गाडी अडते ती क्ष² ला १ सोडून दुसरा सहगुणक, म्हणजे मागे गुणलेला आकडा, आला की.

६क्ष² − १७क्ष + १२ घ्या. आधी तिन्ही पदांत काही कॉमन निघतंय का बघायचं, इथे नाही निघत. मग पहिला आणि शेवटचा आकडा गुणायचा, ६ × १२ = ७२. आता ७२ च्या जोड्या, आणि इथेच मुलं डोक्यातल्या डोक्यात अंदाज मारत बसतात, तसं करू नका, कच्च्या कामात ओळीने लिहा: १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८, ६ × १२, ८ × ९. बेरजा येतात ७३, ३८, २७, २२, १८, १७. आकडे जवळजवळ येतात तशी बेरीज उतरत जाते, म्हणजे १७ हवे असतील तर पुढे सरकत राहायचं हे लगेच कळतं. शेवटचं पद अधिक आहे म्हणून दोघांचं चिन्ह सारखं, मधल्या पदाचं, म्हणजे −९ आणि −८. मधलं −१७क्ष या दोघांत फोडायचं:

६क्ष² − ९क्ष − ८क्ष + १२
= ३क्ष(२क्ष − ३) − ४(२क्ष − ३)
= (२क्ष − ३)(३क्ष − ४)

सगळ्यात जास्त मार्क जातात ते दुसऱ्या ओळीत. −४ बाहेर काढलं की आतलं +१२ चं −३ होतं, पण घाईत +३ लिहिलं जातं आणि मग कंस जुळत नाहीत. दोन्ही कंस अगदी सारखे आले नाहीत तर पुढे जाऊच नका, तिथेच चिन्ह तपासा.

शेवटचं पद उणे असलं, समजा ६क्ष² − क्ष − १२, तर बेरजेऐवजी वजाबाकी बघायची. त्याच जोड्यांत १ चा फरक परत ८ आणि ९ मध्येच, मोठ्याला मधलं चिन्ह, म्हणून −९ आणि +८, उत्तर (२क्ष − ३)(३क्ष + ४).

आणि ६ ला १२ ने गुणायचंच का, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, पण कळलं की पद्धत विसरायला होत नाही. (२क्ष − ३)(३क्ष − ४) उलगडा, मधले ८ आले २ × ४ मधून, ९ आले ३ × ३ मधून, आणि हेच चार आकडे वेगळ्या जोड्या लावून गुणले की २ × ३ = ६ आणि ३ × ४ = १२, म्हणून ८ × ९ आणि ६ × १२ सारखेच.

जोडी सापडतच नसेल तर मधल्या सहगुणकाचा वर्ग करा आणि त्यातून पहिल्या-शेवटच्या आकड्यांच्या गुणाकाराची चौपट वजा करा, हाच विवेचक. क्ष² + ५क्ष + ३ ला २५ − १२ = १३ येतात, १३ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणजे पूर्णांकात अवयव पडणारच नाहीत, समीकरण सोडवायचं असेल तर सरळ वर्गसमीकरणाचं सूत्र वापरा.