निम्न कक्षेतील प्रारणमात्रा काढण्यापूर्वी

प्रारणमात्रा म्हणजे कणांच्या माऱ्यातून उपग्रहाच्या भागांत शोषली जाणारी ऊर्जा. ती काढण्यासाठी ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाची कक्षा नमुना म्हणून घेऊ: उंची सुमारे ६५० किलोमीटर, विषुववृत्ताशी कल ६ अंश. कक्षेचे घटक आणि मोहिमेचा कालावधी हाताशी असतातच, त्यांवर शब्द खर्च करत नाही.

सर्वांत आधी चुंबकीय क्षेत्राचे वर्ष पाहावे, म्हणजे गणनेत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कोणत्या सालचे धरले आहे ते. एपी-८ हे पृथ्वीच्या क्षेत्रात अडकलेल्या प्रोटॉनांचे मॉडेल त्यांचा प्रवाह उंचीवर नव्हे, तर चुंबकीय निर्देशकांवर (क्षेत्राची तीव्रता आणि क्षेत्ररेषेचे स्थान) मांडते, आणि ते निर्देशक मॉडेल रचताना वापरलेल्या क्षेत्रानेच काढावे लागतात: किमान सौर सक्रियतेच्या आवृत्तीसाठी जेन्सन-केन हे १९६० सालचे क्षेत्र-मॉडेल, कमाल सक्रियतेच्या आवृत्तीसाठी १९७० सालापर्यंत नेलेले जीएसएफसी १२/६६ हे क्षेत्र-मॉडेल. त्यांच्या जागी आजचे आयजीआरएफ, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचे आंतरराष्ट्रीय संदर्भ मॉडेल, घालणे अधिक अचूक वाटते, आणि फसगत नेमकी तिथेच होते. पृथ्वीचे क्षेत्र क्षीण होत असल्यामुळे तेच निर्देशक आज कमी उंचीवर येतात, वातावरणात केव्हाच नष्ट झाले असते असे प्रोटॉन गणितात शिल्लक राहतात आणि मात्रा फुगते. मागच्या वेळी हेच तपासायचे राहिले होते, म्हणून पुन्हा सांगतो: क्षेत्राचे वर्ष पाहा. संगणकाने आपोआप भरलेली तारीख तशीच सोडू नका.

मात्र जुन्या क्षेत्रामुळे दक्षिण अटलांटिक विसंगतीही, म्हणजे क्षेत्र क्षीण असल्याने प्रोटॉन जिथे खालपर्यंत उतरतात तो पट्टाही, जुन्या जागी दिसते. ती दरवर्षी साधारण ०.३ अंश पश्चिमेकडे सरकते, म्हणजे साठ वर्षांत सुमारे १८ अंश. एकूण मात्रेला याने फारसा फरक पडत नाही, पण शोधक उपकरणांचे उच्च विद्युतदाब कधी उतरवायचे याचे वेळापत्रक बनवताना रेखांशाची दुरुस्ती केलीच पाहिजे. ॲस्ट्रोसॅटची कक्षा विसंगतीच्या केवळ उत्तर कडेला स्पर्शून जाते आणि त्या कडेवर प्रवाह झपाट्याने बदलतो, त्यामुळे थोडीशी चूकही जाणवते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या उपग्रहासाठी विद्युतभारित कणांचा स्वतंत्र मापक बनवला, तो याच कामासाठी. एपी-९ हे नंतरचे मॉडेल वापरणार असाल तर ते क्षेत्र स्वतःच्या आत हाताळते. एपी-८ चा नियम तिथे लावू नये.

गणनेचा टप्पा एक मिनिटापेक्षा मोठा नको, नाहीतर काही मिनिटांचे विसंगतीतले भ्रमण हातातून निसटते. एकाच परिक्रमेवर भागवू नका. किमान पूर्ण दिवसाच्या परिक्रमा घ्या. मात्रेचा अंदाज मोहीम कमाल सक्रियतेच्या काळात असली तरी किमान सक्रियतेच्या आवृत्तीनेही काढा, कारण सूर्य शांत असताना वरचे वातावरण आकुंचन पावते आणि प्रोटॉन अधिक टिकतात. उपग्रहाची दिशा स्थिर असेल तर पश्चिमेकडून येणारे प्रोटॉन जास्त असतात हेही धरावे. एपी-८ तो फरक दाखवत नाही.

पुढचे थोडक्यात: कवचाची जाडी ॲल्युमिनियमच्या तुल्यतेत, इलेक्ट्रॉनांसाठी एई-८ हे मॉडेल, वैश्विक किरण वेगळे, मात्रा सिलिकॉनमध्ये. अहवालाच्या पहिल्या तक्त्यात क्षेत्राचे नाव आणि वर्ष लिहा, आणि सही करण्यापूर्वी ते निकालाच्या फाइलमधल्या नोंदीशी जुळवून पाहा.