पडदे आणि ब्लाइंड्सचा धंदा कसा करावा: मापापासून फिटिंगपर्यंत

तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात. घरं काही त्या मापात बांधलेली नसतात. पुण्याच्या आसपास, वाकड-मोशी-वाघोलीकडच्या नव्या इमारतीत जाऊन बघा. बाल्कनीच्या सरकत्या दरवाजावर रॉड लावायचा तर पडदा आठ फुटांच्या आगेमागे लागतो. सात फुटी घेतला तर आखूड धोतर नेसल्यासारखा वर राहतो, नऊ फुटी घेतला तर जमिनीवर लोळतो. मापाप्रमाणे पडदे शिवून देणाऱ्याचं पोट या फरकावर चालतं. कापड ऑनलाइनही मिळतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. आपण विकायचं ते अचूक माप आणि नीट फिटिंग. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

१. काय विकायचं ते आधी ठरवा

सुरुवातीला दुकान लागत नाही. नमुन्यांच्या फायली, मापाची पेटी आणि दुचाकी एवढ्यावर काम सुरू होतं, कारण रंग गिऱ्हाईकाच्या घरात, त्याच्या भिंतीसमोर आणि त्याच्या उजेडातच ठरतो. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली पसंत केलेला राखाडी घरी गेल्यावर हमखास निळा दिसतो.

पडदे स्वतः शिवा किंवा ओळखीच्या कारागिराकडून नगावर शिवून घ्या. रोमन ब्लाइंड्सही (घड्या पडत वर जाणारे कापडी) शिवणकामातच येतात, तेही घरचं काम. रोलर (नळीवर गुंडाळणारे), झेब्रा (जाड-विरळ आडव्या पट्ट्यांचे) आणि व्हर्टिकल (उभ्या पट्ट्यांचे) मात्र उत्पादकाकडून मापाने कापूनच मागवा. त्यांची यंत्रं पहिल्या वर्षी घेण्यात अर्थ नाही. लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड्स दिसायला राजेशाही, पण वजनदार. फिटिंगवर हात बसल्यावरच घ्या. बाल्कनीसाठी बांबूच्या चिका मागणारे पुष्कळ भेटतील. चिकांना पावसाळ्यात बुरशी धरते हे ऑर्डर घेतानाच सांगून टाका.

शिवणकाम स्वतःकडे ठेवायचं असेल तर एक शिलाई मशीन, कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक, रिंगांचं पंच मशीन, वाफेची इस्त्री आणि आठ बाय चार फुटांच्या प्लायचं टेबल एवढं पुरतं. टेबलावर काटकसर करू नका. जमिनीवर अंथरून कापलेला पडदा सहसा तिरका जातो.

२. कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती पहिल्याच आठवड्यात करून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना देणं पुरतं. जीएसटीत बरेच जण फसतात. निव्वळ माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. सोबत सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाखांची. आपण शिलाई आणि फिटिंगचे पैसे घेतो, त्यामुळे बिल कसं मांडायचं हे सीएला सुरुवातीलाच विचारून घ्या. शिंपीकाम स्वतः करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजना जरूर पाहावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे.

३. कापड कुठून आणायचं

पॉलिस्टर मुख्यतः सुरतेचं, आणि पानिपत व करूर इथून घरगुती वापराचं कापड येतं. तिकडे जायची गरज नाही. मुंबईचं मंगलदास मार्केट किंवा पुण्यातली लक्ष्मी रोड-रविवार पेठ फिरलात तरी भाव समजतात. रॉड, ब्रॅकेट, स्क्रू अशा सामानाला पुण्यातली बोहरी आळी आहेच. घाऊक व्यापारी दोन दर सांगतो, अख्ख्या तागाचा आणि कापून घेण्याचा. कापून घेतलेलं महाग पडतं, तरी सुरुवातीला तेच घ्या. स्वस्त म्हणून घेतलेले तागे घरात पडून राहिले की भांडवल अडकतं. अपवाद पांढऱ्या-मोतिया जाळीच्या कापडाचा आणि उजेड अडवणाऱ्या ब्लॅकआउट अस्तराचा. ही दोन कापडं कधीही खपतात.

एका खोलीचं सगळं कापड एकाच लॉटमधून घ्या. मागाहून तीन मीटर कमी पडलं आणि दुसऱ्या लॉटचं आणलं, तर रंगातला फरक खिडकीत टांगल्यावर लगेच दिसतो. सुती आणि लिनन कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवण्याआधी भिजवून घ्या किंवा खालच्या पट्टीत जास्तीचं कापड दुमडून ठेवा.

४. माप

फ्लोअरिंग आणि फॉल्स सीलिंग झाल्याशिवाय पक्कं माप घेऊ नका. त्याआधी घेतलेलं माप फक्त अंदाजपत्रकासाठी. कपाट कुठवर येणार, सोफा खिडकीला टेकणार का, एसीचा झोत पडद्यावर येणार का, तेही विचारा. फॉल्स सीलिंगचं काम चालू असेल तर कॉन्ट्रॅक्टरला खिडकीसमोर सहा-आठ इंचांचा खाचा सोडायला आणि ट्रॅक बसेल तिथे जिप्समच्या वर प्लायची पट्टी टाकायला सांगा. हे एक वाक्य वेळेवर बोललात की पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

स्टीलचा टेप वापरा. लेझर मीटर लांब मापाला चांगला, पण काचेवर आणि भर उन्हात दगा देतो. माप सगळीकडे इंचातच लिहा. सुताराच्या भाषेत सूत चालतं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. उत्पादकाला मात्र मिलिमीटर हवे असतात, तेव्हा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर धरून रूपांतर एकाच माणसाने करावं.

पडद्याची रुंदी रॉडवरून ठरते, खिडकीवरून नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा ते आठ इंच रॉड बाहेर हवा, म्हणजे पडदा उघडल्यावर काच मोकळी राहते. उंची रॉडपासून फरशीपर्यंत तीन जागी मोजा. जुन्या घरांत फरशीचा उतार अर्धा-पाऊण इंच सहज निघतो. त्यातलं सर्वांत कमी माप धरा आणि पडदा फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा. रिंगांचा पडदा रॉडच्या वर इंचभर उभा राहतो, ते माप उंचीत मिळवायचं विसरू नका. हुक-टेपच्या चुण्यांचा पडदा ट्रॅकच्या खाली लटकतो, त्याचं माप वेगळं.

ब्लाइंडला पहिला प्रश्न एकच: खिडकीच्या कोनाड्याच्या आत की बाहेर? आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. गिलाव्याने कोनाडा सहसा कुठे ना कुठे आवळलेला असतो. सर्वांत लहान माप घेऊन दोन्ही बाजूंना एकेक सूत सोडा. उत्पादक स्वतः वजावट करतो का, हे पहिल्या ऑर्डरआधी विचारून घ्या, नाहीतर वजावट दोनदा होते. बाहेर बसवायचा असेल तर प्रत्येक बाजूला तीन-चार इंच जास्त घ्या. मच्छरदाणीची जाळी, खिडकीची मूठ, आतली ग्रिल, यातलं काही ब्लाइंडला अडतंय का ते खिडकी उघडझाप करून पाहा. नुसत्या नजरेने कळत नाही.

रोलर ब्लाइंडचं कापड ब्रॅकेटच्या मापापेक्षा इंच-सव्वा इंच कमी असतं. त्यामुळे ब्लॅकआउट असला तरी दोन्ही कडांनी उजेडाची रेघ येते. दिवसा झोपणारा, रात्रपाळीचा गिऱ्हाईक असेल तर त्याला ब्लाइंडवर पडदाही घ्यायला सांगा. रेघ बसवल्यावर दिसली तर तक्रार आपल्याकडे येते. आधी सांगितलं तर त्याला सल्ला म्हणतात.

प्रत्येक खिडकीचा फोटो घ्या आणि वहीत त्याच क्रमांकाने टिपा. ‘मुलांची खोली, डावी’ असं लिहून भागत नाही, डावी आतून की बाहेरून हा वाद होतोच.

५. कापडाचा हिशेब

४८ इंच पन्ह्याचा (म्हणजे कापडाच्या रुंदीचा) एक पडदा साधारण दोन फूट रुंदी झाकतो, म्हणजे चुण्या दुपटीच्या पडतात. सहा फूट रॉडला तीन पडदे. पण मधून दोन्ही बाजूंना उघडणारी रचना हवी असेल तर तीन पडदे दोघांत वाटावे लागतात आणि मधला उभा कापून जोडावा लागतो. साध्या कापडात ते खपून जातं, मोठ्या फुलांच्या कापडात नाही. अशा वेळी सरळ चार पडदे सुचवा.

आता लांबी. सात फूट म्हणजे ८४ इंच, वरच्या-खालच्या पट्टीला १२ इंच, एकूण ९६ इंच, म्हणजे २.४४ मीटर. साध्या कापडाला अडीच मीटर धरा. नक्षी ६४ सेंटिमीटरवर पुन्हा येत असेल तर प्रत्येक तुकडा नक्षीच्या पटीत कापावा लागतो. चार पटी म्हणजे २.५६ मीटर. तीन पडद्यांना साडेसात मीटर आणलंत तर तिसऱ्याची नक्षी जुळणार नाही, पावणेआठ लागेल. २८० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड मिळालं तर पन्हाच उंची म्हणून वापरता येतो आणि जोड टळतात.

६. भाव आणि आगाऊ रक्कम

समजा कापड मीटरला ३०० रुपये. पावणेआठ मीटरचे २,३२५, तीन पडद्यांची शिलाई २०० प्रमाणे ६००, रॉड-ब्रॅकेट ९००, फिटिंग ३००. खर्च ४,१२५ रुपये. त्यावर ३० टक्के चढवून तुम्ही ५,३६२ सांगितले. गिऱ्हाईक म्हणालं, दहा टक्के सोडा. सोडले ५३६. हातात येणारा नफा १,२३७ वरून ७०१ वर आला. सवलत दहा टक्क्यांची दिसते, नफ्यातले चाळीसहून जास्त टक्के गेले. आणि यात माप घ्यायला जाण्या-येण्याचं पेट्रोल धरलेलंच नाही.

म्हणून दर कमी करण्याऐवजी वस्तू बदला: हलकं कापड, साधा रॉड, अस्तराशिवाय. घासाघीस करणाऱ्यालाही ते पटतं. कोटेशनमध्ये खोलीवार पडद्यांची संख्या, कापडाचा क्रमांक, रॉड आणि फिटिंग वेगवेगळं लिहा. ब्लाइंड्स चौरस फुटावर विकले जातात. छोट्या खिडकीला उत्पादक किमान क्षेत्रफळाचा दर लावतो, तेही लिहा.

कापड कापलं की दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. त्यामुळे निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय कात्री चालवू नका, मग गिऱ्हाईक सख्खा मेव्हणा का असेना. उरलेली फिटिंगच्या दिवशीच. इंटिरियर डिझायनरमार्फत काम येत असेल तर त्यांचा हिस्सा कोटेशन देण्याआधी बोलून घ्या.

७. शिलाई

रिंगांची संख्या नेहमी सम ठेवा, तरच पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. ४८ इंची पडद्याला आठ रिंगा बसतात. खालची पट्टी चार इंचांची ठेवली की पडदा वजनाने सरळ पडतो. शिवून झालेला पडदा चोवीस तास टांगून ठेवा आणि मगच तळाची पट्टी पक्की करा. सैल विणीचं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं.

८. फिटिंग

भिंत ओळखल्याशिवाय ड्रिल लावू नका. ठोकून बघा. मायवन पद्धतीच्या इमारतीत भिंती पूर्ण काँक्रीटच्या असतात. तिथे साधं ड्रिल तापून जातं, हॅमर ड्रिल आणि नवं बिट लागतं. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत नेमकं उलटं होतं: भोक सहज पडतं, पण ड्रिलचा हॅमर चालू ठेवला तर भोक फाटतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, गोल फिरते. तिथे हॅमर बंद ठेवा, बिट एक नंबर लहान घ्या आणि लांब गिट्टी वापरा. खिडकीच्या बरोबर वर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते, ती काँक्रीटची. ब्रॅकेट दोन-तीन इंच बाजूला सरकला की भिंतीचा प्रकारच बदलतो, म्हणून एकाच खिडकीत दोन तऱ्हेच्या गिट्ट्या लागणं नवलाचं नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते.

रॉडला पाणसळ लावा, पण डोळ्यांनीही बघा. सीलिंग वाकडं असेल तर पाणसळीत बसवलेला रॉड वाकडा दिसतो. अशा वेळी गिऱ्हाईकाला दाखवून सीलिंगला समांतर घ्या. पाच-सहा फुटांपुढच्या रॉडला मधला आधार हवाच. ब्लाइंडची साखळी किंवा दोरी लोंबती सोडू नका. लहान मुलांच्या गळ्यात ती अडकू शकते. भिंतीवर उंच हूक लावून ताणून ठेवा, मुलांच्या खोलीत दोरी नसलेला प्रकारच सुचवा.

निघण्याआधी भुसा झाडा, पडदे वाफेने सरळ करा, ब्लाइंड तीनदा खाली-वर करून गिऱ्हाईकाच्या हातात द्या. आणि फोटो काढायची परवानगी मागा.

९. गिऱ्हाईकं आणि हंगाम

जाहिरातीवर पैसे घालण्याआधी नुकत्याच ताबा मिळालेल्या सोसायट्या शोधा. तिथे एका मजल्यावरचं काम चांगलं झालं की व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा नंबर आपोआप फिरतो. एकाच बिल्डरच्या इमारतीत खिडक्यांची मापं सारखी निघतात, त्यामुळे कोटेशन मिनिटात देता येतं. तरीही शिवण्याआधी प्रत्येक घर पुन्हा मोजाच, गिलावा प्रत्येक घरात वेगळा.

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी हे वास्तुशांतीचे आणि घर सजवायचे दिवस. दिवाळीची ऑर्डर नवरात्रानंतर घेऊ नका. कारागीर ओव्हरटाइमवर असतात आणि सगळ्यांनाच धनत्रयोदशीआधी हवं असतं. पितृपक्षात नवी खरेदी थंडावते. तो पंधरवडा जुन्या गिऱ्हाईकांचे पडदे उतरवून, धुऊन, परत लावून देण्याला आणि ब्लाइंड्सच्या दुरुस्तीला ठेवा. पैसे थोडे मिळतात, पण घरात पाय पडतो, आणि दुसऱ्या बेडरूमचं माप बहुधा तेव्हाच मिळतं.