सांडपाण्याच्या सबमर्सिबल पंपाची मोटार स्फोटापासून सुरक्षित कशी ठेवावी

मोटार पाण्यात बुडालेली असल्यामुळे तिच्यापासून स्फोटाचा धोका नाही, हा समज अनेक पंपगृहांत रुजलेला असला तरी तो अर्धाच खरा आहे. पंप पाणी उपसण्यासाठीच बसवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत पातळी खाली जाते आणि मोटारीचा वरचा भाग उघडा पडतो. पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच कचऱ्यात किंवा साखळीत अडकला, तर हीच स्थिती तासन्‌तास टिकू शकते, आणि तेव्हा मोटारीभोवती पाणी नसून संपात (सांडपाणी साठण्याच्या खड्ड्यात) साठलेला वायू असतो. म्हणून मोटार वायूत उघडी चालणार आहे असे गृहीत धरूनच तिची निवड आणि जोडणी करावी. पाण्याचे आवरण हा वरचा फायदा समजावा.

आधी वायू ओळखावा

संपात कोणता ज्वालाग्राही वायू असू शकतो हे ठरल्याशिवाय पंपाची मागणी नोंदवू नये. कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असताना तो स्फोटक ठरतो. हायड्रोजन सल्फाइडची खालची स्फोटमर्यादा (ज्याहून कमी प्रमाणात तो पेटत नाही) सुमारे ४ टक्के आहे, पण त्याच्या कित्येक पटींनी कमी प्रमाणातही तो माणसाचा जीव घेतो आणि त्याआधी नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर करतो; त्यामुळे वास येत नाही म्हणजे वायू नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये. गॅरेज, रंगकाम किंवा इंधनसाठ्याजवळच्या गटारांत पेट्रोल आणि विद्रावकांची वाफही उतरते. ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी, म्हणजे नेमकी पंपाजवळ साठते.

स्वच्छ पाण्याचे पंपगृहही या विचारातून वगळू नये. मे १९८४ मध्ये इंग्लंडमधील लँकशायरच्या ॲबीस्टेड येथे नदीचे पाणी वळवणाऱ्या योजनेच्या व्हॉल्व्हगृहात स्फोट होऊन १६ माणसे दगावली. तिथे मैलापाणी नव्हते. भूगर्भातून बोगद्यात झिरपलेला मिथेन पंप बंद असताना साठला आणि पंप सुरू होताच पाण्याच्या रेट्याने व्हॉल्व्हगृहात ढकलला गेला.

यानंतर जागेचे क्षेत्र ठरवावे. स्फोटक मिश्रण सतत असेल तर क्षेत्र ०, नेहमीच्या कामकाजात अधूनमधून होत असेल तर क्षेत्र १, आणि क्वचित व थोडाच वेळ होत असेल तर क्षेत्र २, अशी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६००७९ मानकमालिकेची विभागणी आहे. मैलापाण्याचा संप बहुधा क्षेत्र १ मध्ये धरला जातो. तरीही हे वर्गीकरण जाणकार अभियंत्याकडून लेखी करून घ्यावे, पंप विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये.

नेमप्लेट कशी वाचावी

फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ज्वाला बाहेर पसरू न देणाऱ्या मोटारीच्या नेमप्लेटवर ‘एक्स डीबी टू-बी टी४ जीबी’ (Ex db IIB T4 Gb) अशा अर्थाची खूण असते. ‘डीबी’ म्हणजे फ्लेमप्रूफ आवरण, ‘टू-बी’ हा वायुगट (टू-ए पेक्षा कडक), ‘टी४’ हा तापमानवर्ग आणि ‘जीबी’ म्हणजे क्षेत्र १ ला चालणारी संरक्षणपातळी. मिथेन आणि पेट्रोल टू-ए गटात येतात, हायड्रोजन सल्फाइड टू-बी मध्ये. म्हणून मैलापाण्यासाठी टू-बी मागणे शहाणपणाचे. टी३ वर्गात पृष्ठभागाचे तापमान २०० अंश सेल्सिअसपेक्षा आणि टी४ मध्ये १३५ अंशांपेक्षा जास्त होता कामा नये. हायड्रोजन सल्फाइड सुमारे २६० अंशांना आपोआप पेटतो. त्यामुळे टी३ पुरेसा असला तरी टी४ घेतल्यास हाताशी मोकळा फरक राहतो. वाइंडिंगचे (मोटारीतल्या तारांच्या गुंडाळीचे) इन्सुलेशन १५५ अंशांच्या एफ वर्गाचे असते आणि तरीही मोटार टी४ कशी, असा प्रश्न पडू शकतो. फ्लेमप्रूफ रचनेत बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान मोजले जाते, हे त्याचे उत्तर.

आयपी ६८ ही खूण मात्र पाणी आणि धूळ आत न शिरण्याविषयी आहे. तिचा स्फोटसुरक्षेशी काहीही संबंध नाही, आणि निविदांमध्ये या दोन गोष्टींची गल्लत सर्रास आढळते.

ज्वाला अडते कुठे

फ्लेमप्रूफ मोटार आत स्फोट होणारच नाही अशी हमी देत नाही. सांध्यांमधून वायू आत शिरू शकतो आणि वाइंडिंगमध्ये शॉर्ट झाल्यास तो आत पेटू शकतो, हे तिच्या रचनेत गृहीतच धरलेले असते. आवरण तो दाब सोसेल इतके मजबूत असते, आणि बाहेर पडणारा तप्त वायू दोन धातुपृष्ठांमधल्या लांब व अरुंद फटीतून जाताना इतका थंडावतो की बाहेरचे मिश्रण पेटत नाही. या फटीला ज्वालामार्ग म्हणतात. प्रमाणित चाचणीत मिथेनची ज्वाला १.१४ मिलिमीटरपर्यंतच्या फटीतून पलीकडे जात नाही. हायड्रोजन सल्फाइडसाठी हा आकडा सुमारे ०.८३ आणि हायड्रोजनसाठी ०.२९ मिलिमीटर आहे. प्रत्यक्ष मोटारीतली फट याहून बरीच कमी ठेवतात. (हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली, तीही याच तत्त्वावर.)

इथे दुरुस्ती करणाऱ्याने दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. ओ-रिंग पाणी अडवते, ज्वाला नाही. तिची लांबी ज्वालामार्गात धरली जात नाही. तसेच शाफ्टवरचे मेकॅनिकल सील हेही ज्वालारोधक नसून शाफ्टभोवती वेगळा लांब दंडगोलाकार ज्वालामार्ग ठेवलेला असतो. म्हणजे सील आणि ओ-रिंग नव्या कोऱ्या असूनही, शाफ्ट किंवा बेअरिंगची झीज होऊन ही फट वाढली असेल, तर मोटार स्फोटसुरक्षित उरलेली नसते, मग ती पाण्यात कितीही सुरळीत चालो.

जोडणी करताना

केबलचा सांधा संपात ठेवू नये. केबल अखंड वर आणून पॅनेल धोक्याच्या क्षेत्राबाहेर बसवावे. ज्या पाइपातून केबल वर येते, तो पाइप योग्य सीलिंग साहित्याने बंद करणे सर्वांत जास्त वेळा राहून जाते. पाइप उघडा राहिला तर संपातला वायू त्यातून थेट पॅनेलमध्ये पोहोचतो, आणि तिथे मोटार चालू-बंद करणारा काँटॅक्टर दर फेरीला ठिणगी पाडत असतो. म्हणजे मोटार निर्धोक आणि पॅनेलच स्फोटाचे ठिकाण, असा प्रकार होतो.

वाइंडिंगमधले तापमानसंवेदक ही शोभेची तार नाही. अनेक फ्लेमप्रूफ पंपांत ते दोन टप्प्यांचे असतात: पहिला मोटार थांबवतो आणि ती थंड झाल्यावर पुन्हा चालू होऊ देतो, दुसरा त्याहून वरच्या तापमानाला तोडतो आणि माणसाने हाताने रीसेट केल्याशिवाय मोटार सुरू होऊ देत नाही. सतत ट्रिप होते म्हणून संवेदकाच्या तारा पॅनेलमध्ये एकमेकींना जोडून टाकल्या, तर तापमानवर्गाची हमीच संपते. व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) मोटार चालवायची असल्यास तिच्या प्रमाणपत्रात तशी परवानगी आहे का, हे आधी पाहावे.

पातळीसाठी पंप थांबवणारा नेहमीचा फ्लोट आणि त्याच्याखाली पंप पूर्ण बंद करणारा स्वतंत्र फ्लोट, असे दोन ठेवावेत, आणि दोन्ही आंतरिक सुरक्षित बॅरियरमधून (वायू पेटणार नाही इतकीच वीज पुढे जाऊ देणाऱ्या उपकरणातून) जोडावेत. पंप हवा ओढेपर्यंत चालवू नये. फिरण्याची दिशा पाहायची असेल तर ती संपाबाहेर, वायुमुक्त जागेत पाहावी. पंप साखळीनेच उचलावा, केबलने कधीही नाही, आणि गाइड रेलवर आदळू न देता सावकाश उतरवावा.

तपासणी आणि दुरुस्ती

संपात उतरण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून कुलूप आणि सूचनाफलक लावावा, मग वायू मोजावेत: प्रथम ऑक्सिजन, नंतर ज्वालाग्राही वायू, नंतर विषारी वायू. हा क्रम पाळण्याला कारण आहे. ज्वालाग्राही वायू मोजणाऱ्या कॅटॅलिटिक संवेदकाला स्वतःला ऑक्सिजन लागतो. तो कमी असेल तर वायू भरलेला असूनही आकडा फसवा, कमी दिसतो.

वाइंडिंगचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने), केबलच्या पॅनेलकडच्या टोकावरून, तिथे वायू नाही याची खात्री करून मोजावे; थर्मिस्टर (तापमानसंवेदक) आणि ओलावा-संवेदकाच्या तारांना मेगर लावू नये. तेलकोठडीचा बूच हळूहळू सैल करावा, कारण आत दाब असू शकतो. तेल दुधाळ दिसले तर पाण्याकडचे सील गळत आहे असे समजावे.

मोटार उघडल्यावर ज्वालामार्गाचे पृष्ठभाग कापडाने पुसावेत; त्यांवर पॉलिश पेपर, कानस किंवा रंग चालणार नाही, आणि खरचटलेला भाग वेल्डिंगने भरून चालवण्याचा मोह टाळावा. उत्पादकाने सांगितलेले, न कडकणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. बोल्ट एकही कमी नको, आणि बदलायचा झाल्यास त्याच ताकदवर्गाचा. आयईसी ६००७९-१९ या दुरुस्तीच्या मानकाप्रमाणे काम करणाऱ्या कार्यशाळेकडे मोटार द्यावी आणि फटींच्या मोजमापांची नोंद मागून घ्यावी. ती नोंद मिळत नसेल, किंवा नेमप्लेटच वाचता येत नसेल, तर तो पंप साधा पंप समजून स्फोटक क्षेत्राबाहेरच वापरावा.