पंचेचाळिशीनंतरचे कपडे: दुकानाआधी शिंपी शोधावा

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका मोठ्या दुकानाच्या ट्रायल रूममध्ये मी एकामागून एक सात कुर्ते अंगावर चढवून पाहिले आणि त्यांपैकी एकही धड बसला नाही. ‘एल’ खांद्यावर नेमका बसे, पण पोटावर ताणला जाई. ‘एक्सएल’ पोटावर ठीक दिसे, पण त्याचा खांदा इंचभर खाली ओघळे आणि अंगात थोरल्या जावेचा कुर्ता घातल्यासारखे वाटे. सारा दोष वाढलेल्या वजनाला देत मी घरी आले. दोन दिवसांनी नारायण पेठेतल्या माझ्या नेहमीच्या शिंप्याने टेप लावली आणि वहीत आकडे लिहिता लिहिता शांतपणे सांगितले, “ताई, तुमचा खांदा एलचा आहे आणि पोट एक्सएलचं. दुकानात दोन्ही एका कुर्त्यात मिळत नाहीत.”

या वयात खुलून दिसणारे कपडे कोठे घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर मला त्या एका वाक्यात मिळाले. तयार कपड्यांचे कारखाने एक मूळ माप ठरवतात आणि खांदा, छाती, कंबर, घेर हे सारे ठरावीक प्रमाणात वाढवत पुढचे साइज काढतात. पाळी जाण्याच्या सुमारास शरीर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही: मेद पोटाभोवती जमू लागतो, दंड भरतात, पाठीचा वरचा भाग किंचित वाकतो, पण खांद्याची रुंदी तीच राहते. म्हणून आधी शिंपी, मग कापड आणि त्यानंतर तयार कपडे, हा क्रम मी सुचवते. बहुतेक जणी नेमक्या उलट्या क्रमाने जातात आणि शिंप्याकडे पोहोचतात ते बिघडलेले कपडे दुरुस्त करून घ्यायला.

बाजारात जाण्यापूर्वी घरचे कपाट उघडावे. ज्या कुर्त्यात आपल्याला चार जणी ‘छान दिसतेस’ म्हणतात, असा एखादा कुर्ता प्रत्येकीकडे असतो. तो पलंगावर सपाट पसरून खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), छाती, पोटावरची रुंदी, बाहीचा घेर आणि उंची ही सहा मापे घ्यावीत आणि फोनमध्ये लिहून ठेवावीत. यापुढे कोणत्याही दुकानात साइजच्या अक्षराकडे न पाहता हीच मापे कपड्याला लावावीत, कारण एका कंपनीचा ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’एवढा असतो. याच वेळी ब्रेसियरचेही माप नव्याने घ्यावे; दहा वर्षांपूर्वीच्या मापाची ब्रेसियर घालून शिंप्याला माप दिले, तर कितीही सुबक शिवलेला ब्लाऊज चुकीच्याच जागी टक्स घेऊन येतो. जिथे माप घेऊन अंतर्वस्त्रे दाखवणाऱ्या बायका कामाला आहेत असे दुकान शोधावे, आणि तिथे संकोच करू नये.

शिंपी पारखण्यासाठी पहिल्याच खेपेला त्याच्या हाती भारी कापड देऊ नये. एक साधा सुती कुर्ता शिवायला टाकावा आणि काही गोष्टी पाहाव्यात. माप घेताना त्याने फक्त छाती-कंबर मोजली, की पोटाचा सर्वांत फुगीर भाग आणि दंडही मोजला? आतल्या बाजूला दोन्हीकडे किमान इंचभर कापड दाबून ठेवले आहे का? पुढे वजन वाढल्यास तेवढेच उसवून कुर्ता मोकळा करता येतो. तयार कपड्यात ही सोय जवळजवळ नसते. ब्लाऊजच्या बाबतीत तर कच्ची शिलाई घालून एकदा अंगावर घालून दाखवणारा शिंपी मिळाला, तर त्याला सोडू नये. कटोरी ब्लाऊज (छातीवर वाटीच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला) भरल्या छातीला चांगला आधार देतो, तर प्रिन्सेस कटमध्ये खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खाली येणारी उभी शिवण अंगाला लांबट दाखवते. दोन्ही एकेकदा शिवून पाहून आपले आपण ठरवावे.

कापडासाठी पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ, तर मुंबईत दादर पूर्वेचे हिंदमाता आणि क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगलदास मार्केट हे माझे नेहमीचे पत्ते आहेत. मंगलदास मार्केट रविवारी बंद असते, त्यामुळे सुटीच्या दिवशी तिकडे हेलपाटा घालू नये. अस्तर, ब्लाऊज पीस आणि टू बाय टू रुबिया या ब्लाऊजच्या बारीक सुती कापडासाठी मात्र आपल्या गल्लीतले मॅचिंग सेंटरच बरे, कारण साडी हातात घेऊन उजेडात दहा छटा लावून पाहण्याची सोय तिथेच होते.

कापड घेताना रंग आणि नक्षी सगळ्याच पाहतात. ते अंगावरून कसे पडते, हे फार थोड्या पाहतात. ठाणातून मीटर-दीड मीटर कापड मोकळे करून घ्यावे, खांद्यावर टाकून आरशासमोर उभे राहावे आणि कमरेशी मुठीत धरावे. जे कापड अंगापासून दूर, कागदासारखे उभे राहते ते पोट वाढवून दाखवते. जे पाण्यासारखे चिकटून पडते ते प्रत्येक वळी दाखवते. आपल्याला हवे ते या दोहोंमधले: मऊ पण अंग असलेले. मंगलगिरी सुती, जरा जाडसर मलमल, मोडाल (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला मऊ धागा) मिसळलेले सुती कापड ही माझ्या अनुभवात उतरलेली कापडे. कोऱ्या सुती कापडाला खळ असते आणि ती फसवते. कापडाचा कोपरा दोन बोटांत जोरात चोळून पाहावा. पांढरी भुकटी निघाली, तर आज कडक दिसणारे ते कापड दोन धुण्यांत लोळागोळा होईल, असे समजावे. ऊठसूट घाम फुटण्याचे हे वय असल्याने पॉलिएस्टर कितीही सुरेख पडत असले, तरी मी ते घेत नाही.

किती कापड घ्यावे, याचा हिशेब दुकानदारावर सोडू नये. 44 इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, भरल्या अंगाच्या बाईच्या कुर्त्याची पुढची आणि मागची बाजू शेजारी शेजारी बसत नाही; एकाखाली एक काढावी लागते. म्हणजे 44 इंच उंचीच्या कुर्त्याला शिवणी-दुमड धरून 92 इंच, अर्थात सव्वादोन मीटरच्या थोडे वर कापड लागते आणि बाजूला उरलेल्या पट्ट्यातून पाऊण बाही निघते, म्हणून अडीच मीटर पुरते. खादीचा किंवा काही हातमागाच्या कापडांचा पन्हा 36 इंचांच्या आसपास असतो. तिथे बाजूच्या पट्टीतून बाही निघत नाही, म्हणून तीन मीटर घ्यावे. सुती कापड आटते, त्यामुळे पाव मीटर जास्त घेऊन शिवण्यापूर्वी ते रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे. अजरख, कलमकारी अशी रंग सोडणारी नक्षीची कापडे वेगळ्या बादलीत भिजवावीत, नाही तर घरातला सदरा निळा होतो आणि वर चार शब्द ऐकावे लागतात.

खादी भांडारांत 2 ऑक्टोबरच्या सुमारास सूट सुरू होते, तेव्हा वर्षाचे कापड एकदम घेणे परवडते. कराचाही थोडा विचार करावा: सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या किमतीला 18 टक्के, कापड मात्र 5 टक्क्यांतच बसते. महागडा तयार कुर्ता घेण्याऐवजी उत्तम कापड घेऊन शिवण्याचे हे आणखी एक कारण.

तरीही प्रत्येक वेळी शिवायला वेळ असतोच असे नाही. तयार कुर्त्यांसाठी फॅबइंडिया किंवा त्याच धर्तीच्या सुती कपड्यांच्या दुकानांत सुटसुटीत कट मिळतात. निवडीचा नियम एवढाच, की साइज खांद्यावरून ठरवावा आणि पोटाची सोय कटमधून करावी. खांद्याला नेमका बसणारा, पण छातीखालून हळूहळू रुंदावत जाणारा ए-लाइन किंवा कळीचा कुर्ता घेतला, की माझ्या शिंप्याने सांगितलेला तिढा सुटतो. खांदा ओघळत असेल, तर तो कुर्ता ठेवून द्यावा, कारण बाजू आत घेणे कोणालाही जमते, पण खांदा कापून बाही पुन्हा बसवणे हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम आहे. बाजूचे चाक, म्हणजे कुर्त्याची उभी चीर, कोठे सुरू होते तेही पाहावे. ते पोटाच्या फुगीर भागावरच उघडत असेल, तर चालताना नजर नेमकी तिथेच जाते. ट्रायल रूममध्ये नुसते उभे राहू नये. स्टुलावर बसावे, दोन्ही हात वर करावेत, वाकून चप्पल उचलावी. आपण लग्नाकार्यात बसूनच असतो, आणि मी पाहिलेले निम्मे कुर्ते बसल्यावरच घात करतात.

साडीचा प्रश्न वेगळा आहे, कारण साडीला माप नाही. तिला पडणे आहे. ऑर्गंझा फुगते, कडक टसरच्या निऱ्या पोटाशी ढिगासारख्या उभ्या राहतात. त्यापेक्षा महेश्वरी साडी पाहावी: नर्मदाकाठच्या महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेल्या या विणकामात रेशमाचा ताणा (उभा धागा) आणि सुताचा बाणा (आडवा धागा) असतो, त्यामुळे निऱ्या हलक्या बसतात. रोजच्यासाठी धुवून मऊ झालेल्या इरकलीसारखे दुसरे काही नाही. उंची कमी असेल, तर चार बोटांहून रुंद काठ टाळावेत. (पैठणीला यातला एकही नियम मी लावत नाही, येवल्याला जाऊन विणकराच्या मागाशेजारी बसून पसंत केलेली पैठणी जशी दिसेल तशी नेसावी.) हातमाग म्हणून जादा पैसे मोजत असाल, तर हँडलूम मार्क आणि रेशमासाठी सिल्क मार्कची चिठ्ठी पाहून घ्यावी. नाडीचा फुगीर परकर बाद करून कमरेला सपाट बसणारा फिश कट परकर घातला, तर जुन्याच साडीत दोन इंच कमी दिसतात. माझ्या मते एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

पुण्यात डिसेंबरमध्ये भरणारी भीमथडी जत्रा आणि मुंबईतले महालक्ष्मी सरस ही प्रदर्शने कापडासाठी आणि साड्यांसाठी जरूर पाहावीत, पण तिथे शिवलेले कपडे घेताना जपून राहावे, कारण अंगात घालून बघायची सोय बहुधा नसते आणि बदलून मिळणे अवघड असते. ऑनलाइन खरेदीही मी फक्त अशाच कंपनीची करते, जिचा एक कुर्ता आधी दुकानात घालून पाहिला आहे. तिथले चित्र पाहू नये, इंचांचा तक्ता पाहावा आणि फोनमधल्या सहा मापांशी ताडून घ्यावा.

शिंप्याकडे कपडे टाकण्याचीही वेळ असते. दिवाळीचे कपडे गणपतीच्या आधी टाकावेत आणि घेताना दुकानातच घालून पाहावेत. नवरात्र लागले, की माझ्या शिंप्याच्या दारावर ‘नवीन ऑर्डर बंद’ अशी पाटी लागते, आणि मग बारा वर्षांची ओळखही कामाला येत नाही.